इजाबेलची सही

बस्त्यावनं तरुणपणी फादर व्हायचं म्हणून सेमिनरी गाठली आणि बाप वारल्यावर ती सोडून भिवंडीच्या गोदामात नोकरी धरली. त्याबद्दल कुणी त्याला बोल लावणार नाही. पुढचं मात्र सगळं त्याचं स्वतःचं.

लग्न झालेल्या माणसालाही चर्चमध्ये डीकन होता येतं. बाप्तिस्मा देता येतो, लग्नं लावता येतात. फक्त बायकोची लेखी संमती लागते. बावन्नाव्या वर्षी त्यानं इजाबेलपुढे कागद ठेवला. तिनं तो आठ दिवस ठेवून घेतला आणि नवव्या दिवशी भाजी चिरता चिरता सही केली. त्यानंतर दरवर्षी याचं आपलं एकच, "दिवाळीचा माल जाऊ दे, मग देतो अर्ज." गोदामातला माल काय कधी संपतो?

रिटायर झाल्यावर स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून फादरांकडे गेली.

"बस्त्यावभाऊ, साठीच्या आत यायला हवं होतं," कागद परत देत फादर म्हणाले. "रविवारी चर्चमध्ये बायबलचं वाचन कराल का?"

घरी येऊन त्यानं कागद टेबलावर टाकला. "तुझी सही फुकट गेली गं."

"ते आठ दिवस मोरीत जाऊन रडत होते मी," इजाबेल म्हणाली. "म्हटलं, हा माणूस आता आपला उरत नाही. मन घट्ट करून चर्चला दिलं तुम्हाला, आणि तुम्ही गोदामाचे झालात!"

बस्त्यावला ते आठ दिवस आठवले. एका सहीला बाई किती वेळ लावते, म्हणून तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता.