बुधवारचा चौथा तास

नाट्यशिक्षणात पीएचडी करायला घेतली तेव्हा वाटलं होतं, संशोधन साठेल. साठले ते किस्से! मुलाखतीला जावं तर किस्सा, सहीला जावं तर किस्सा, आणि मोठ्या माणसांकडे परवानगी मागायला गेलं की एकाच्या जागी दोन. प्रबंधात ते चालत नाहीत आणि पोटात ठेवायची मला सवय नाही. तेव्हा ऐका.

*

नाटकाशी माझी ओळख ऊस म्हणून झाली. आमच्या जयसिंगपूरच्या शाळेत दरवर्षी गॅदरिंगला शेतकरी नाच असायचा. हुशार मुलं शेतकरी, गोरी मुलं पाहुणे आणि उरलेली मागे हिरवे कागद लावून ऊस. मी सलग तीन वर्षं ऊस.

तिसऱ्या वर्षी मी बाईंना विचारलं, "मला एकही वाक्य का नाही?"

बाई म्हणाल्या, "ऊस बोलत न्हाय. म्हणून तर तुला ऊस केलंय!"

त्या वर्षी तोडणी आली, सगळे ऊस धडाधड आडवे झाले, आणि मी उभीच. शेतकरी झालेला मुलगा पुठ्ठ्याचा कोयता मारून मारून घामाघूम झाला. शेवटी मागून कुणाचा तरी बाप ओरडला, "ट्रॅक्टर लाव की रं तिला!"

*

आमचं खताचं दुकान आहे. घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात. आईला आम्ही अव्वा म्हणतो, वडिलांना अप्पा. अप्पांना माझ्या पीएचडीचा फार अभिमान. फक्त विषय सांगताना त्यांचा घसा बसतो.

परवा एक पाहुणे आले. "पोरगी काय करती?"

"पीएचडी."

"कुठल्या विषयात?"

"हाय की विषय."

"व्हय, पण कुठला?"

"मोठा हाय."

स्वयंपाकघरातून अव्वा कडाडली, "नाटकातनं शिकवायचं कसं, ते शोधतीया ती! सांगितलं तर दुकानाचं लायसन जातंय व्हय?"

पाहुण्यांनी चहा संपवला आणि अप्पांना हळूच विचारलं, "मग युरियाची गाडी कधी येणार?"

*

माझे गाईड सर कोल्हापुरात असतात. नाट्यशिक्षणावरचं एकही पुस्तक त्यांनी सोडलेलं नाही. वर्गात मात्र ते शेवटचे कधी गेले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

एका शिबिराबद्दल मी लिहिलं होतं, 'मुलं जमिनीवर झोपली आणि बोटं वाजवून पाऊस झाली.' सरांनी समासात लाल पेनाने लिहिलं, 'संदर्भ?'

मी म्हटलं, "सर, मी तिथे होते."

"तुम्ही संदर्भ होऊ शकत नाही."

"मग मी कोण?"

"तुम्ही संशोधक."

म्हणजे सगळ्यांत कमी विश्वासाची!

ह्याच सरांनी अट घातली: एकच शाळा, एकच वर्ग, दर आठवड्याला एक तास, असे बारा आठवडे. त्याचं मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र. नाहीतर विषय बदला, ग्रंथालयात बसून जुन्या पुस्तकांचा आढावा घ्या. म्हणजे माझी पीएचडी मुलांबरोबर न होता कपाटाबरोबर होणार! मी आठ दिवस नीट जेवले नाही.

*

शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या शाळेत गेले. मुख्याध्यापक कडक इस्त्रीचे. भाषाही इस्त्रीची.

"नाटक? आमचं स्नेहसंमेलन डिसेंबरमध्ये असतं."

"सर, स्नेहसंमेलन नको. मला वेळापत्रकातला तास हवाय. मुलं नाटक करता करता विचार कसा करतात, ते बघायचंय."

"विचार करायला गणित आहे."

चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर डबा उघडून बसले. तेव्हा सहावीचा बुधवारचा चौथा तास मिळाला.

"पण आवाज होता कामा नये."

"सर, नाटक आहे!"

"मग मूकनाट्य करा."

*

तास मिळाला, पण टिकला तर ना! गणिताच्या बाई दारात खडू घेऊन हजर. "आज तुमचं राहिलं तर चालेल ना? अपूर्णांक बाकी आहेत." माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत फळ्यावर रेघ मारलेली असायची.

दुसऱ्या वेळी मी रागाने शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाईंनी मलाच उभं केलं. एक चतुर्थांश अधिक एक तृतीयांश? मी म्हटलं, दोन सप्तमांश.

पोरं बाकांवर नाचली. "मॅडम चुकल्या!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "बघा. म्हणून तास लागतो."

गाईड सरांचा फोन आला, "दोन आठवडे बुडाले. आता एक जरी बुडाला तरी विषय बदलू." मी तरातरा मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी मी स्वतः बसतो. त्यात काही शिक्षण दिसलं तर ठीक. नाहीतर तास बंद."

*

तो बुधवार. मुख्याध्यापक मागे खुर्चीवर, मांडीवर वही, हातात पेन.

मुलांनी विषय निवडला महापूर. त्यांच्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा आहेत, त्यांना मी काय शिकवणार? बाकं जोडून बोट झाली. सगळं गाव बोटीत चढलं. सानिका नावाची एवढीशी मुलगी म्हातारी झाली आणि टेबलाचा पाय धरून खाली बसली.

"म्हस सोडून मी यायची न्हाय."

"आज्जे, चल की! पाणी गुडघ्याला लागलं!"

"लागू दे."

"कमरंला लागलं!"

"लागू दे."

नाटक तिथेच अडकलं. सानिका ऐकेना, मुलांना पुढचं सुचेना. मागे पेन चालत होतं. संपलं, मी मनात म्हटलं, गेले मी कपाटात.

"आज्जे, बोट सुटली!"

सानिका हलली नाही. पेनाचा आवाज थांबला. मग खुर्ची जोरात मागे सरकली.

"दावं काप की गं तिचं! काप आन् सोड! म्हस पवती, मानूसच बुडतंय!"

मुख्याध्यापक उभे होते. वही खाली पडली होती. वर्गात कुणी हसलं नाही.

सानिकाने मान वर केली. "तुमी कोण, पावणं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मला बोलायला आमंत्रण लागत नाही. तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले.

"बोटवाला," ते म्हणाले. पुढे आले, इस्त्रीच्या पँटीसकट फरशीवर बसले आणि टेबलाच्या पायाची गाठ सोडायला लागले. तिथे दावं नव्हतंच. तरी गाठ सुटत नव्हती. सानिका त्यांच्या हाताखाली हात घालून ओढत होती. बोटीतली पोरं ओरडत होती, "आवरा! आवरा!"

घंटा झाली.

मी घाबरत म्हटलं, "सर, तास संपला."

त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"थांब की बाई! म्हस अजून पल्याड गेली न्हाय."