तो चालत आला नव्हता

"कळट्टु," पोलीस साहेब म्हणाला. काढ. माझ्या गळ्याकडे बोट दाखवून.

मला तमिळ कळतं. लग्न होऊन मद्रासला आले त्याला वीसेक वर्षं झाली. तरी मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. नवरा खाली फरशीकडे बघत होता. मग मी मंगळसूत्र काढलं. नवरा जिताजागता समोर उभा, आणि मी स्वतःच्या हातानं काढलं. एका शिपायानं दोरा तोडला, मणी भट्टीखाली उडाले. वाट्या त्यानं आमच्याच काट्यावर टाकल्या.

"कमी आहे," साहेब म्हणाला.

मग बांगड्या. मग कानातलं. मग नवऱ्याची अंगठी. मग कपाटातली पोरीची चेन, जी तिच्या दहावीला घेतलेली. काटा साहेबाच्या मनासारखा झाला तेव्हा तो नवऱ्याला म्हणाला, "आता वितळव."

आमचा धंदा गलाईचा. लोकांचं जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. सांगलीकडची आमची दुष्काळी गावं याच धंद्यावर जगली. जिथं सराफ तिथं आमचा माणूस. वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत आमचं दुकान. पुढं भट्टी, मागं दोन खोल्यांत संसार.

झालं होतं असं. एका पुढाऱ्याच्या घरी चोरी झाली. पुढाऱ्यानं फोनावर फोन लावले. पोलिसांना चोर पाहिजे होता आणि सोनं पाहिजे होतं, तेही लगेच. त्यांनी एक माणूस उचलला. त्याला आमच्या दारात आणलं आणि म्हणाले, यानं चोरीचा माल तुम्हाला विकला. आम्ही त्या माणसाला जन्मात बघितलं नव्हतं. दुकान उलटंपालटं केलं, मागच्या खोलीतलं पीठसुद्धा ओतून बघितलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही तर तयार करायचं. चोरीचं सोनं वितळवलेलं असतं, म्हणून आमचंही वितळवायचं आणि तेच दाखवायचं. आमच्या लोकांत याला रिकव्हरी म्हणतात. पाणीपट्टी भरली म्हणावं तसं म्हणतात. यंदा अमक्याकडं रिकव्हरी झाली. एवढंच. पुढं कोण काय विचारत नाही.

नवऱ्यानं सगळं सोनं मुशीच्या भांड्यात घालून मूस भट्टीत ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांचं सोनं वितळवलेला माणूस. त्या दिवशी त्याच्या हातून सोन्यावर टाकायचा टाकणखार सांडला.

तो माणूस दाराच्या पायरीवर होता. दोघांनी काखेत हात घालून आणलेला. पाय मागून फरपटत होते. त्याला पायरीवर बसवलं, तर बसता येईना. कुशीवर कलंडला. तळपाय सुजून काळेनिळे झाले होते, एका पायात चप्पल नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"नान इल्लम्मा," म्हणाला. मी नाही, बाई.

शिपाई हसला. साहेब काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं मूस बघत होता.

सोन्याची लगड निवाली. साहेबानं रुमालात बांधली. मग एकदम गोड आवाजात मला म्हणाला, "अम्मा, कॉफी नाही का घरात?"

मी कॉफी केली. गळा मोकळा, कान मोकळे, आणि मी फिल्टर कॉफी करून आणली. आणि वर विचारलं, साखर किती. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या जिभेची किळस येते.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर आमची लगड. टेबलावर हिरवं कापड, त्यावर ती, मागं साहेब छाती काढून उभा. नवऱ्यानं टीव्ही बंद केला आणि जेवायला वाढ म्हणाला.

मग तो माणूस कोठडीत मेला. छातीत दुखलं म्हणे.

त्याचं नाव मला तेव्हा कळलं, रस्त्यावरच्या घोषणांतून. सेल्वम. रिक्षा चालवायचा. ठाण्यासमोर गर्दी जमली, टायर पेटले, बस अडवल्या. ठाण्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पोलीस तुमचा मित्र. त्यावर कुणीतरी शेण मारलं. आणि गर्दीत सगळ्यात पुढं कोण, तर तोच पुढारी. दंडाला काळी फीत, सेल्वमच्या फोटोला हार घालतोय, न्याय पाहिजे म्हणतोय. याच्याच फोनांवरून माणूस उचललेला. अख्ख्या गल्लीला ठाऊक. कुणी हूं का चूं केलं नाही. मीही नाही.

मी अर्ध्या शटरमागून बघत होते. पोलिसांची भीती होतीच. आता गर्दीचीही. याला आमच्या दारात आणलेलं हे कुणी मोठ्यानं बोललं असतं, तर पहिलं आमचं दुकान पेटलं असतं. कितीही वर्षं राहा, आम्ही इथं बाहेरचेच. लाठ्या सुरू झाल्या तसं मी शटर खाली ओढलं. पोरगी कॉलेजात अडकलेली. ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

गल्ली शांत झाली आणि साहेब आला. साध्या कपड्यात. सोबत आबा.

आबा म्हणजे आमच्या गलाईवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. दर शिवजयंतीला आबा माइक हातात घेतात, अन्यायापुढं मान झुकवू नका म्हणतात, टाळ्या पडतात. आणि त्याच स्टेजवर याच साहेबाला शाल घालतात.

"सेल्वम मेला त्याची मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी हाय," आबा म्हणाले. "साक्षीला तुझं नाव हाय. एवढंच सांगायचं. माणूस आपल्या पायानं आला. धडधाकट होता. दुकान त्यानंच दाखवलं. सोनं परत मिळंल तुझं."

"आणि असं नाही सांगितलं तर?"

साहेब हसून म्हणाला, "तुमची मुलगी मांबलम स्टेशनवरून ट्रेननं कॉलेजला जाते ना? ट्रेनला फार गर्दी असते."

खरं सांगते, तिथंच मी हो म्हणाले.

त्यानंतर आबा येता-जाता थांबायचे. "म्हण बघू," म्हणायचे. मी म्हणायची. आपल्या पायानं आला, धडधाकट होता. भाजी चिरताना म्हणायची, आंघोळ करताना म्हणायची. नवरा म्हणायचा, "झालं की. आपलं काय जातंय?" मीही स्वतःला तेच सांगायची. आपलं काय जातंय.

एका दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा लहान. समोर चहाच्या टपरीवर शिपाई बसलेला, तो तिला बघत होता. तिनं नाव सांगितलं नाही, पण मला कळलं, सेल्वमची बायको.

"अक्का, अवर नडंदु वंदारा?" एवढंच विचारलं तिनं. ते चालत आले होते का?

बाकी काही नाही. सोनं नाही, चोरी नाही, कुणी मारलं तेही नाही. माझ्या तोंडात ते पाठ केलेलं वाक्य अगदी तयार होतं, पण तिच्यापुढं ते निघेना. शिपाई उठून आमच्या दिशेनं यायला लागला. ती निघून गेली. मी दाराला धरून उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं कोण होतं, मी म्हणाले पत्ता विचारत होती.

चौकशीच्या दिवशी आबा रिक्षा घेऊन आले. वाटेत पुन्हा एकदा वदवून घेतलं. मॅजिस्ट्रेट तरुण होता, चष्मेवाला. साहेब दाराबाहेर, पण दार उघडंच. ती बाई मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

"घाबरू नका," मॅजिस्ट्रेट म्हणाला. "तो माणूस आपल्या पायानं आला ना?"

आणि बाई गं, मला असा राग आला. साहेबानं शब्द दिले. आबांनी तेच घोटून घेतले. नवऱ्यानं गिळायला लावले. आणि आता हाही तेच, प्रश्नातच उत्तर घालून देतोय. माझ्या डोळ्यांनी मी बघितलं आणि काय बघितलं ते या सगळ्यांना माझ्या आधीच ठाऊक. मला फक्त मान हलवायला बोलावलंय. कॉफी करायला बोलावतात तसं.

"इल्ल," मी म्हणाले. नाही.

टाइप करणारा थांबला.

"दोघांनी धरून आणला. पाय फरपटत होते. बसता येत नव्हतं त्याला. मी नाही, म्हणाला. मी ऐकलं. आणि टीव्हीवर दाखवलेलं सोनं चोरीचं नाही, माझं आहे. आमच्याच भट्टीत, साहेबाच्या हुकमावर वितळवलं."

"बाई, नीट विचार करून बोला. तुम्ही घाबरला आहात."

"घाबरलेय," मी म्हणाले. "घाबरूनच सांगतेय. लिहून घ्या."

कुणी माझा हात धरला नाही. बाहेर आले तर आबा रिक्षा घेऊन निघून गेलेले. मी भर उन्हात एकटी बस शोधत होते.

त्यानंतर काय झालं ते सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की सगळं गोड झालं. साहेबाची बदली झाली, बढतीवर म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप उभी राहायला लागली. सराफांनी आमच्याकडं काम देणं थांबवलं. घरमालकानं खोल्या खाली करा म्हणून सांगितलं. मंडळाच्या ग्रुपवरून आमचा नंबर काढला. सोनं परत आलं नाही, येणारही नाही. पुढाऱ्याचं पोस्टर मात्र सेल्वमच्या फोटोसकट नाक्यावर लागलंय.

नवरा म्हणाला, विजयवाड्याला जाऊ. दिराचं दुकान आहे तिथं. कुणी ओळखत नाही, कुणी विचारत नाही. मी म्हणाले, तुम्ही जा. पोरीलाही न्या, तिकडं तिचा जीव तरी सुखरूप राहील. त्यानं समजावलं, ओरडला, शेवटी रडला. गेल्या महिन्यात दोघं गेले. स्टेशनवर पोरगी खिडकीतून हात सोडत नव्हती. मीच सोडवला.

मी मद्रासातच, चूळैमेडूला एक खोली घेतलीय. एका मेसमध्ये पोळ्या लाटते. दाराला आतून दोन कड्या लावते आणि जिना वाजला की श्वास रोखून बसते. भीती कमी झालेली नाही. पण सेल्वमच्या मरणाचा खटला उभा राहील तेव्हा साक्षीदार म्हणून माझं नाव पुकारतील, आणि तेव्हा मी मद्रासात असणार आहे.