अकरा नारिंगी दिवे

त्या वर्षी गोडाउनमधली खंडेनवमीची पूजा माझ्या हातून झाली, आणि तीच माझ्या मुळावर आली.

नाशिकला विल्होळीच्या बाजूला किराणा मालाचं हे गोडाउन. मला तिथं लागून चौथा महिना चालू होता. माझं गाव पार हिंगोलीकडं, शाळा आठवीत सुटलेली. असल्या पोरीला सावलीतलं काम मिळालं ते गावाकडच्याच एका ताईंमुळे. त्या तिथं पॅकिंगला होत्या. शिफ्टच्या सरांना त्यांनी सांगितलं होतं, "पोरगी माझ्या शब्दावर घ्या." म्हणजे माझं चुकलं तर माझ्याबरोबर ताईंचा शब्दही जाणार. रोज अंघोळ करताना मी हे स्वतःला बजावायचे.

काम होतं स्कॅनरच्या बॅटऱ्या सांभाळायचं. स्कॅनर म्हणजे हातात मावणारा कॉम्प्युटर. कुठला माल कुठल्या रॅकवर, कुठल्या गाडीत किती खोकी, सगळं त्याच्या पडद्यावर दिसतं. तो बंद पडला तर गोडाउन आंधळं. बॅटरी टेबलावर ठेवून बोटानं फिरवायची. गरगर फिरली तर तिचं पोट फुगलंय, बाजूला काढायची. गरम असेल तर निवू द्यायची, मगच स्टँडच्या खाचेत लावायची. लाल दिवा म्हणजे चार्ज होतेय, हिरवा म्हणजे भरली, नारिंगी लुकलुकला म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि दिवे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तक्त्यावर सही करायची नाही. हे सरांनी पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं होतं.

खंडेनवमीला दुपारी काम थांबलं. ट्रॉल्यांना, वजनकाट्याला झेंडूच्या माळा घातल्या. स्कॅनरची पूजा माझ्याकडं आली. आमच्या घरी विळ्याला कुंकू लावतात ते पात्याला, मुठीला नाही. तसं मला वाटलं, स्कॅनरचा जीव बॅटरीत आहे. बॅटरीच्या एका अंगाला चार सोनेरी ठिपके असतात, कुंकू तिथंच शोभेल. ओलं हळदकुंकू कालवून मी एकेका बॅटरीला बोट लावत गेले. सोळातल्या शेवटच्या पाचांना वाटीत काही उरलंच नाही. त्यांना नुसता नमस्कार केला.

तेवढ्यात बाहेर बसचा हॉर्न. ताई दारातून ओरडल्या, "अगं ए, देव पावले आता! बस सुटली तर पायी जाशील का?" मी सगळ्या बॅटऱ्या भराभर खाचांत बसवल्या, तक्त्यावर सही ठोकली आणि पळाले.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चार्जिंगच्या खोलीचं दार उघडलं, तर पाच दिवे हिरवे आणि अकरा नारिंगी, लुकलुकणारे. बाहेर कळवणला माल नेणारी गाडी लागलेली, तिच्यामागे नांदगावची उभी.

सर आत आले. "काय गं, दिवाळी आत्तापासूनच?" म्हणाले, आणि मग त्यांना कळलं. नारिंगी खाचा त्यांनी बोटानं मोजल्या, अकरा. त्यातली एकही बॅटरी भरली नव्हती.

"वॉचमननं मेन बंद केला असणार. पाच भरल्या आणि मध्येच बंद केला, सकाळी परत लावला. बोलवा त्यांना."

वॉचमन काका आले. नांदगावकडचे, साठीला टेकलेले. पहिल्या दिवशी मी रस्ता चुकून रडवेली गेटवर पोचले होते, तेव्हा यांनीच मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता.

"मी हात नाय लावला, सायब. त्या खोलीचं बटन बंद करायचं नाय, हे ठावं हाय मला."

"मग भूत येऊन गेलं का? एजन्सीला फोन करतो. दुसरा माणूस मागवतो."

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी एक बॅटरी उपसली. सोनेरी ठिपक्यांवर कुंकवाची खपली धरली होती. दुसरी काढली, तिसरी काढली, तेच. मग एक हिरव्या दिव्याची काढली. ठिपके लख्ख. पाच होत्या तशा. नुसता नमस्कार केलेल्या पाच.

पदरानं पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. सर फोन काढत होते. दारात ताई उभ्या होत्या आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

"सर, काकांचं काही नाही. कुंकू मी लावलं. तिथंच लावलं, म्हणून वीज आत गेली नाही. सही माझी आहे, पण दिवे मी बघितले नव्हते."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "बॅटरीला सवाष्ण केलीस होय!"

सर हसले नाहीत. "पुसायला किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"मग उभी काय राहिलीस?"

पाच स्कॅनर घेऊन ते कळवणच्या गाडीकडं गेले. मी प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापूस घेतला. ताई शेजारी बसल्या आणि पुसायला लागल्या. स्टँडच्या खाचांच्या कोपऱ्यांतही कुंकू शिरलं होतं, तिथं कापूस पोचेना. काकांनी केबिनमधून कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणून ठेवल्या. पहिली बॅटरी सुकवून लावली. दिवा नारिंगीच. ताईंनी ती काढून पुन्हा पुसली, फुंकर मारली आणि लावली. लाल.

अर्ध्या अर्ध्या तासानं थोडी थोडी भरलेली बॅटरी पुढं द्यायची, रिकामी मागं घ्यायची, असं दिवसभर चाललं. कळवणची गाडी उशिरा सुटली, नांदगावची त्याहून उशिरा. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. तक्ता पुढ्यात होता. माझ्या खंडेनवमीच्या सहीवर त्यांनी रेघ मारली.

"लिही इथं. दिवे पाहिले नाहीत. खाली सही कर."

लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"जा आता."

पाय निघेना. "सर, उद्या किती वाजता येऊ?"

त्यांनी मान वर केली नाही. "सातची शिफ्ट किती वाजता असते गं?"

"सातला, सर," मी म्हणाले.

मग मी स्टँडपाशी गेले. एकेका खाचेवर बोट ठेवत सोळा दिवे मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि मगच त्या दिवसाची सही केली. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. दारात ताई म्हणत होत्या, "थांबा हो ड्रायव्हरदादा, पोरगी येतेय आमची."