इंजिन विहिरीत होतं

दादा, मी घर सोडलं त्या दिवशी एस.टी.च्या मागच्या बाकावर आणखी एक बाई गाव सोडून चालली होती. माझी ट्रंक तू फाट्यापर्यंत खांद्यावरून आणलीस, आईनं हातावर दही ठेवलं, आबांनी चारचौघांत डोळे पुसले. काशीला पोचवायला कुत्रंही आलं नव्हतं. कुशीत पाच-सहा वर्षांची पोर, पायाशी बोचकं. जिंतूर येईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही खिडकीबाहेर बघत बसलो. अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा होता. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटलेला, वस्त्या जळत होत्या. लोक म्हणाले, घाबरून गेली. साफ खोटं. तिला आपण घालवलं.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. काशीचा नवरा किसन आपला सालगडी, राहायला गावकुसाबाहेर. त्या वैशाखात विहिरीचं पाणी फार खाली गेलं आणि वरून ओढ बसेना, म्हणून आबांनी डिझेल इंजिन विहिरीतल्याच कट्ट्यावर उतरवलं. येलदरीच्या धरणाची वीज आपल्या डोक्यावरच्या तारांतून लांब कुठंतरी जायची, आपल्या वाट्याला डिझेल. आठवडाभरानं भर दुपारी इंजिन धापा टाकायला लागलं. मी चपला काढून उतरायला निघालो, तर आबांनी माझा दंड धरला. "तू नको उतरू. तुला शिकायला जायचंय. किसन, बघ रे जरा."

किसनला दोरानं वर काढला तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. ओठ लाल, नखं लाल, तळहात लाल. गावानं ते पाहिलं आणि तिथंच निकाल लावून टाकला: आसरांनी गुलाल लावून नेला. त्याच्या पायानं विहीर बाटली, पाण्यातल्या देवी कोपल्या. तीन वर्षं तोच माणूस त्याच विहिरीतला गाळ उपसत होता तेव्हा बऱ्या नाही कोपल्या! आबांनी नारळ फोडला, आईनं आसरांची ओटी भरली, आणि काशीचं तोंड दिसणं अपशकुन ठरलं. तिला कुणी खुरपायला बोलवेना, कुणी पीठ देईना. पावसाळ्यापर्यंत तिनं कसे दिवस काढले ते आपण कुणी विचारलं नाही.

मी औरंगाबादला एम.एस्सी. झालो, पुढं जर्मनीला गेलो. तिथं पहिल्याच दिवशी प्रोफेसरनं एका सिलिंडरवर हात ठेवून बजावलं: ह्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. कुणी पडलेला दिसला तर आत धावू नका. त्याचे ओठ लालभडक दिसतील, तो झोपलाय असं समजू नका. मी होतो तिथं स्टुलावर बसलो. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, वर मार्कही घेतले होते, आणि एकदाही मला आपली विहीर आठवली नव्हती. माझी मलाच शिसारी आली.

मग मी तेच काम धरलं. लोखंडाचे आयन आणि हा वायू अतिथंड स्फटिकाच्या चकतीवर एकत्र गोठवायचे आणि त्यातून अवरक्त किरण सोडायचे. वायूचा रेणू सतत थरथरत असतो. मोकळा असला की कागदावर त्याची खूण एका जागी उमटते, लोखंडाला चिकटला की ती तिथून सरकते. रक्तातही लोखंडच आहे. प्राणवायू त्यावर येऊन बसतो आणि उठून जातो. हा एकदा बसला की लवकर उठत नाही. किती वर्षं मी ती सरकलेली खूण मोजत बसलो आणि गावावर दात खात राहिलो. अडाणी गाव, अडाणी आबा! अडाणी म्हणूनच मी आबांना माफ केलं, त्यांच्या तेराव्याला येऊन तुझ्या पंगतीला जेवलो.

यंदा विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागल्याची बातमी तिकडे कळली आणि मला राहवेना. मी औरंगाबादला उतरलो आणि चार दिवस वस्त्या पालथ्या घालून काशीला शोधून काढलं. भाजी विकते. तिची मुलगी नर्स झालीय. मी तिच्यापुढे माझ्या प्रयोगाचा कागद पसरला, खूण दाखवली, समजावलं की आसरा नव्हत्या, किसननं काही बाटवलं नव्हतं, तो धूर होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. पूर्वी मला धाकले मालक म्हणायची, आता भाऊ म्हणाली.

"भाऊ, कागद राहू द्या. त्याच्या बंडीला धुराचा वास येत हुता, मला त्या दिशीच ठाव हाय. पर मला एक सांगा. तुमच्या आबानं तुमाला का उतरू दिलं न्हाई? आसरा काय मालकाच्या लेकराला नेतेत व्हय?"

दादा, तेव्हा मला इंजिन बसवायला सेलूहून आलेला मिस्तरी आठवला. हात पुसत आबांना म्हणाला होता, "मालक, धुएँ का पाइप ऊपर लेव. नैतो नीचे आदमी मरता." आबा म्हणाले होते, "बघू." तू तिथं होतास. मीही होतो. आबा अडाणी नव्हते. आबांना माहीत होतं, आणि आपल्या दोघांनाही.

निघताना काशी म्हणाली, "मला कशाला सांगायलाव? गावात सांगा."

म्हणून हे औरंगाबादच्या लॉजवरून लिहितोय. येत्या अमावास्येला तू विहिरीवर निवद ठेवशील तेव्हा मी येतोय. काशी त्या वाटेला पाय टाकणार नाही म्हणाली, पण तिची मुलगी माझ्याबरोबर आहे. मिस्तरीचं वाक्य मी सगळ्या गावापुढं बोलणार, आणि आबांचं "बघू"सुद्धा. तू अडवलंस तरी.

परदेशातून घराबद्दल मी तुला फार हळवी पत्रं लिहिली. आखाडा, हुरडा, आईच्या हातची भाकरी. बाहेर पडलेले आपण सगळेच तसलं लिहितो, आणि मागे राहिलेले तुम्ही ते वाचून डोळे पुसता. ती पत्रं फाडून टाक. माझ्यापुरतं घर म्हणजे आता दंडावरचा आबांचा हात. त्या हातानं मला काठावर धरलं आणि त्याच हातानं किसनला खाली जायची खूण केली.