केरूच्या वाजवण्यावर कुणाचं नाव

राकेशचं डोकं सटकलं होतं, आणि का सटकू नये? अंबडच्या पत्र्याच्या खोलीत चार वर्षं कॉम्प्युटरपुढं पाठ मोडून त्यानं लग्नातला संबळ क्लबात नेला. आधी सगळे फिदीफिदी हसले, हळदीचा मांडव समजलास काय म्हणाले. आता त्याच शहाण्यांची पोरं संबळाच्या ठेक्यावर घामाघूम होईस्तोवर नाचतात, आणि मनमाड-मालेगावपर्यंत त्याचे मिक्स वाजतात.

या डीजे लोकांची एक रीत असते. गाणं कुणी ढापू नये म्हणून मधूनमधून स्वतःच्या नावाचा पुकारा टाकायचा. राकेशही टाकायचा. फक्त एका मिक्समध्ये त्यानं चाळीस सेकंद मोकळे सोडले होते. तिथं त्याचे वडील, केरू, एकटेच संबळ वाजवत होते. ते वारले त्याच्या महिनाभर आधी मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग. बापाच्या वाजवण्यावर आपलं नाव कोकलायचं त्याच्या जिवावर आलं.

मुंबईच्या एका डीजेनं नेमका तेवढाच तुकडा उचलला, वर स्वतःचा पुकारा ठोकला आणि रातोरात नाव कमावलं मेल्यानं! राकेशनं फोन केला, तर तो आरामात म्हणाला, "त्यावर कुणाचं नाव होतं का?"

राकेशनं फोन आपटला. आता दर चार सेकंदाला माझंच नाव टाकतो, म्हणून तो तणतणत माईकपुढं बसला. आवाज ऐकून त्याची आई, लंकाबाई, पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं तो चोरलेला तुकडा लावायला सांगितला आणि शेवटपर्यंत ऐकला.

"त्यानं त्याचं नाव टाकलं, तू तुझं टाकणार," ती म्हणाली. "ह्यांचं कुठं हाय?"

राकेशला खाली बघावं लागलं. चार वर्षांत एवढे मिक्स केले, एकातही त्यानं वडिलांचं नाव घेतलं नव्हतं.

लंकाबाईनंही कधी घेतलं नव्हतं. जुन्या वळणाची बाई. लग्नातला उखाणा सोडला, तर उभ्या जन्मात नवऱ्याला 'हे' म्हणण्यापलीकडं तिची जीभ गेली नाही. तिनं पोराला बाजूला सारून माईक हातात घेतला. राकेशनं मुकाट्यानं रेकॉर्डिंग चालू केलं.

"केरू वाजवतोय," ती कडाडली. "ऐका, आन् हात लावू नका."

पुन्हा एकदा म्हण, असं सांगायची राकेशची छाती झाली नाही.