कलहंसांना केलेले आवाहन

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. पत्नीपाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढे बसतो, तेव्हाही या गोष्टीला वळसा घालूनच बसतो. तुमच्यापाशी या पत्रातून बोलतो आहे, कारण तुम्ही मला घरचा मानता — आणि मी जे केले, त्यातले थोडे तुमच्याही घरात केले आहे.

आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवून आम्ही दोघे लेकीकडे, इथे डच मुलखात बेस्ट नावाच्या गावी, राहायला आलो. गावाच्या कडेला घर. मागे शेते, त्यांपलीकडे कालवा. सकाळची संध्या आटोपली की मी काठाने चालत जाई. हिवाळ्यात तिथे कलहंस उतरतात. धुके असे, की भूमी कुठे संपली हे कळू नये. त्या पांढऱ्या पोकळीतून आधी हाक ऐकू येई, मग पंखांचा सपकारा, आणि मग पक्षी प्रकटत — ध्यान करणाऱ्यापुढे मूर्ती हळूहळू स्पष्ट व्हावी तसे. मी पाहत उभा राही. किती वेळ, ते मलाही कळत नसे.

त्या शेतांपैकी एक हेंक नावाच्या शेतकऱ्याचे. त्याचा गव्हाचा कोवळा अंकुर हे पक्षी खाऊन टाकीत, आणि त्यांना मारण्याचा परवाना त्याच्याजवळ होता. एकदा त्याने गोठ्यापुढे प्लास्टिकचे, कापडाचे खोटे हंस मांडले होते. खरे हंस त्यांना भुलून खाली उतरतात. मला पाहून तो इंग्रजीत ओरडला, “प्रोफेसर, या इकडे! तुम्ही रोज त्यांच्याकडे बघता, मी नुसत्या शिव्या घालतो. यांतले खरे कुठले वाटतात?”

मी पुढे निघून जायला हवे होते. का गेलो नाही? या देशात मला कुणी काही विचारले, असे फार दिवसांनी घडत होते — एवढेच का?

मी वाकून पाहू लागलो. भरीव देहाचे हंस हुबेहूब होते, पण ते ओझे घेऊन चिखलातून चालणार कोण? हेंकचे गुडघे दुखत, आणि शेतापर्यंत गाडी जात नव्हती. चपटे फळीसारखे हलके होते. पण वरून घिरट्या घालणाऱ्याला त्यांची नुसती कड दिसणार. कापडाचे वाऱ्याने फुगत, वारा पडला की मान टाकीत. शेवटी मी पोकळ पाठींचे निवडले — वाट्यांसारखे एकात एक बसणारे, माना वेगळ्या काढून पिशवीत घालता येणारे. त्यांतलेही चकाकणारे बाजूला काढले. पिसावर दव असते, पण पीस असे चमकत नाही. माना बहुतेक चरणाऱ्या घ्या, म्हटले. सगळेच मान उंचावून उभे असले, तर वरच्यांना भय वाटते.

हेंक हसून म्हणाला, “मांस खात नाही म्हणता, आणि शिकाऱ्याचा डोळा घेऊन फिरता!”

मला ते आवडले. हो, आवडले.

मग एका पहाटे मी त्याच्याबरोबर शेतात गेलो. मांडणी मीच केली. तोंडे वाऱ्याकडे. थोडे दाट, थोडे विरळ. मध्ये मोकळी जागा — पाहुण्यासाठी आसन टाकून ठेवावे तशी. धुक्यात ते सारे इतके शांत, इतके सुंदर दिसू लागले, की माझे हात आपोआप जुळले. आणि मी — हे कसे लिहू? मातीच्या मूर्तीत देवाला बोलावताना आपण जे आवाहन करतो, ते मी तिथे म्हटले. इकडे ये. इथे बैस. प्रसन्न हो. थट्टेने म्हटले नाही. मनापासून, स्वच्छ उच्चारात म्हटले.

आणि ते आले.

धुक्यातून हाक आली, मग पंख. पाय पुढे सोडून ते बरोबर त्या मोकळ्या जागेत उतरू लागले. मी आयुष्यभर आवाहने केली. असे डोळ्यांदेखत कुणी आले नव्हते. मला अतोनात आनंद झाला. पुढे काय होणार, हे मला ठाऊक नव्हते का? हेंक माझ्या शेजारी, चरात, बंदूक घेऊनच बसला होता. ठाऊक असताना आनंद झाला.

बार झाले. काही उडाले, काही नाही. जे पडले, ते आमच्या खोट्या हंसांच्या मध्येच पडले. क्षणभर खरे कोणते, खोटे कोणते, मला ओळखता येईना. इतकी माझी निवड अचूक होती.

घरी पत्नीने पायजम्याकडे पाहिले. “अहो, फिरायला गेला होतात की नांगरायला?” कालव्याकाठी पाय घसरला, असे मी म्हणालो. तिने गरम पाणी काढून दिले, आणि गुडघ्याला लावायला तेलही.

त्यानंतर मला आवाहन म्हणता येत नाही. बाकीचा सारा पूजाविधी येतो. त्या जागी आलो की मी ओठ हलवतो, अक्षता वाहतो आणि पुढच्या उपचाराकडे जातो. तुमच्या घरी गणपती बसवला, तेव्हाही असेच केले. मला येणार नाही, दुसऱ्या कुणाला बोलवा — एवढेच म्हणायचे होते. पण मग कारण विचारले गेले असते. आणि ‘गुरुजी’ म्हणून दार उघडणारी इथली ही चार मराठी घरेही गेली असती. मूर्तीत कुणाला बोलावलेच नाही, आणि तुम्ही तिच्यापुढे नैवेद्य ठेवलात, आरत्या म्हटल्यात, निरोप देताना डोळे पुसलेत.

यंदा तुमची सून म्हणाली, “गुरुजी, आवाहन जरा मोठ्यानं म्हणा ना. हिला ऐकायचंय, देव कसा येतो ते.” तुमची नात पुढे सरकून बसली. मराठी समजते तिला, बोलते डचमध्ये. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मी घंटा उचलली आणि जोराने वाजवत राहिलो. घंटेखाली माझे ओठ नुसते हलत होते. ती थांबल्यावर पोरीने डोळे उघडून मला विचारले, आला का.

मी हो म्हणालो.