मानेमागचा उंचवटा

रिसोडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. वीसेक वर्षं झाली असतील. माझं अंग बिघडतंय हे मला आरशात नाही, टेप लावल्यावर कळलं.

दिवाळीच्या आधी स्वतःसाठी ब्लाउज बेतायला घेतला. कंबर चार बोटं वाढली होती. वाढणारच, चाळिशी उलटली, असं म्हणून मी दंडाला टेप लावला, तर दंडाचा घेर कमी भरला. पुन्हा लावला. तेवढाच. जाड होत चाललेल्या बायकांची मापं मी रोज घेते. पोट सुटलं की दंडही भरतात, बाही काखेत काचायला लागते. माझं उलटंच होतं. पोट पुढे, हातपाय वाळलेले, चेहरा भाकरीसारखा गोल. आणि मानेच्या मागे, मागचा गळा जिथे बसतो तिथे, मऊ मांसाचा एक उंचवटा आला होता. कितीही उसवलं तरी तो गळा नीट बसेना.

नवऱ्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तो एकदा जेवताना म्हणाला, "तू चोरून खाऊन राह्यली काय?" पहिल्यांदा हसत म्हणाला. नंतर हसणं गेलं. शेवेचा डबा त्यानं वरच्या फळीवर ठेवला, माझा हात पुरणार नाही अशा जागी.

मला ते फार लागलं, पण मी भांडले नाही. कारण भूक खरंच वाढली होती. दुपारी चारला मी शिळी पोळी तेल-तिखटासोबत उभ्याउभ्या खायची. म्हणजे चूक माझीच, असं मी धरून चालले. रात्रीचं जेवण सोडलं. पोट तसूभर हललं नाही. पायांतली ताकद मात्र गेली. खाली बसले की जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येईना. पोटावर जांभळे वळ उठले, कुणीतरी ओरबाडल्यासारखे.

शेवटी एकटीच बसनं वाशिमला गेले. डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा पाहिला, मान पुढे करायला लावली, वळ पाहिले आणि विचारलं, "कुठली पुडी घेता?"

मी म्हटलं, "तशी कोणती नाही. गुडघ्यासाठी जडीबुटी आहे फक्त."

"किती दिवस झाले?"

"वर्ष होत आलं."

ती पुडी माझ्या मैत्रिणीनं आणून दिलेली होती. समोरच्याच घरात राहते. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती. मशीनचं पायडल मारून माझे गुडघे धरले, तेव्हा ती म्हणाली, "आमचे मामसासरे पुडी देतात. किन्हीराजा गावात त्यायच्याकडं गाड्या भरून लोकं येतात. तुले आणून देतो मी." तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं. मी तिच्या मामसासऱ्यांना मनोमन हात जोडले.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक गोल काढला. ही चरबीची पेशी, म्हणाल्या. तिच्यात तेलाचा एक मोठा थेंब असतो आणि पेशीचा बाकी सगळा संसार कडेला सरकलेला असतो. आपण खातो त्यातलं खर्च न झालेलं तिथे साठतं, अडचणीच्या दिवसांत अंग तेच वापरतं. पण काय साठवायचं आणि कुठे, हे अंगातले रस, म्हणजे हार्मोन, ठरवतात. त्या पुडीत बहुतेक तशाच रसाच्या, स्टेरॉईडच्या, गोळ्या कुटून घातल्या आहेत. दुखणं त्यांनीच थांबवलं. त्यांनीच भूक वाढवली, हातापायांचं मांस मोडलं आणि चरबी पोटावर, गालांवर, मानेमागे नेऊन ठेवली.

"म्हणजे मी खाल्लं म्हणून नाही?" मी विचारलं.

"भूक लागली म्हणून खाल्लंत. भूक पुडीची होती."

मला तिथेच रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग बजावलं, पुडी एकदम बंद करायची नाही, अंगानं स्वतःचा रस बनवणं थांबवलेलं असतं, जिवावर बेतेल. मी लिहून देते तशी हळूहळू कमी करायची.

परत आल्यावर मी आधी समोरच्या घरात गेले. मैत्रीण गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. तेव्हा मला आठवलं, गेल्या उन्हाळ्यात तिचाही चेहरा असाच सुजला होता, आणि पुडी गरम पडते म्हणून तिनं ती सोडली होती.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मामाले पांढऱ्या गोळ्या कुटतानी मी पाह्यलं होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"घरातली गोष्ट होती वं. बाहेर कशी सांगू? आन् तुले तं गुण आलता."

स्वतः पुडी सोडल्यावरही आठ महिने दर पंधरा दिवसांनी तिनं मला स्वतःच्या हातानं पुड्या आणून दिल्या होत्या. चहा घेऊन गेली होती. माझं वाढतं पोट पाहून "चालत जाय थोडी" असं म्हणाली होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मले काय माईत?" तेवढंच. डबा दुसऱ्या दिवशी खाली आला. माफी त्यानं मागितली नाही, मीही ते मनातून काढलेलं नाही.

सुधारायला वर्ष गेलं. चेहरा उतरला, पायांत बळ आलं, उंचवटा निम्म्यावर आला. पोट सैल राहिलं. चरबीच्या पेशी रिकाम्या होऊन आकसतात, पण बहुतेक जागच्या जागीच राहतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अंगावरचा माझा राग तेव्हाच गेला. त्याला जे सांगितलं गेलं, ते त्यानं केलं.

माप द्यायला येणाऱ्या बायकांना मी पुडीचं सांगायला लागले. काहींनी ऐकलं. काही म्हणाल्या, दुखणं थांबते ना, मग झालं.

गेल्या महिन्यात मैत्रीण दारात आली. आत आली नाही. "मामांचं नाव खराब होऊन राह्यलं," ती म्हणाली. "त्यायनं निरोप देला, तू बायांले सांगत नोको जाऊ."

मला वाटलं होतं, ती माझी विचारपूस करायला आली आहे.

"जिचं माप घेईन तिले सांगीन," मी म्हटलं.

ती रस्ता ओलांडून गेली. मी हाक मारली नाही. आता मी मशीनवर बसले की तिचं दार लावलेलं असतं.